सोळा वर्षांचा भाचा दुकानात किती तास थांबू शकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिंतूरकडच्या एका दुकानदार भाऊंचं कापडाचं दुकान आहे. दसरा-दिवाळीच्या गर्दीत त्यांना बहिणीचा मुलगा मदतीला ठेवायचाय. वय सोळा पूर्ण, अकरावीला आहे. वेळ सकाळी दहा ते रात्री नऊ. त्याच्यासोबत त्याचा एक मित्रही येईल, तो ‘चहापाणी आणि वरकाम’ बघेल. बहिणीची संमती आहे, मित्राचे वडील बाँडवर लिहून द्यायला तयार आहेत. भाऊ विचारतात, आठ तासांपर्यंत चालतं ना, वरच्या तासांचे जादा पैसे देईन. आणि शेवटी एक ओळ त्रासून लिहिली आहे: गावाकडं पोरं दिवस दिवस कापूस वेचतात, ऊस तोडतात, त्यांना कोणी विचारत नाही, मग दुकानदारालाच का?

भाऊ, मी परभणीत वकिली करते. बावीस वर्षं कामगार कायद्याचीच कामं करत आलेय. दुकानांची, खानावळींची, जिनिंगवाल्यांची रजिस्टरं लावून देणं, नोटिशींना उत्तरं लिहिणं, कधी मालकाकडून तर कधी कामगाराकडून कोर्टात उभं राहणं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगते, कारण मग सांगते. आठ तास चालत नाही. भाच्यासाठी दुकानात पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत जास्तीत जास्त सहा तास, त्यात एक तासाची सुट्टी, आणि संध्याकाळी सातनंतर एक मिनिटही नाही. जादा पैसे दिले तरी नाही. मित्राचं प्रकरण वेगळं आहे आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. त्याच्याकडे पुढे येते.

‘आठ तास’ हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात इतका पक्का बसलाय की तो कुठून आला हे कोणी बघत नाही. तो मोठ्या माणसांचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा कायदा आहे, बाल व किशोरवयीन कामगार अधिनियम, १९८६. त्याच्या नावात आधी फक्त ‘बालकामगार’ होतं, ‘किशोरवयीन’ हा शब्द २०१६ च्या दुरुस्तीनं आला. १ सप्टेंबर २०१६ पासून त्यातलं गणित असं आहे: चौदा वर्षं पूर्ण नसलेलं मूल कामावर ठेवायचंच नाही, कुठल्याही धंद्यात नाही. चौदा पूर्ण आणि अठरा अपूर्ण असलेल्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही. धोका नसलेल्या ठिकाणी ठेवता येतं, पण सातव्या कलमातल्या वेळांच्या चौकटीत.

हे सातवं कलम मी स्वतः ओळीओळीनं कधी वाचलं ते सांगते, कारण तुमचा आणि माझा गैरसमज एकच होता. २०१८ ची दिवाळी. परभणीपासून तासाभरावरच्या एका कापड दुकानाचे कागद मी लावून दिले होते. त्यांच्याकडे सतरा वर्षांचा एक मुलगा होता. मी त्याच्या नावापुढे वेळ लिहिली होती दुपारी बारा ते रात्री नऊ, मध्ये एक तास जेवण. एकूण आठ तास. मोठ्या माणसांच्या तक्त्यातली ओळ तशीच उचलून त्याच्यापुढे लावली होती. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पावणेनऊला तो पोरगा वरच्या कप्प्यातले साड्यांचे बॉक्स काढायला शिडीवर चढला. दुपारपासून पायांवर उभा होता. खाली गिऱ्हाईक घाई करत होतं, त्यानं दोन बॉक्स एका हातात घेतले, दुसऱ्या हाताची पकड सुटली आणि तो फरशीवर हात टेकून पडला. उजवं मनगट मोडलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात मोजपट्टी तशीच होती, गुंडाळलेली. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, वेळ तर तुम्हीच लिहून दिली होती.” त्यांचं बरोबर होतं. त्या मुलाचा बारावीचा फॉर्म भरून झाला होता आणि लिहायचा हात प्लास्टरमध्ये होता. तेव्हापासून अठराखालच्या मुलाचा कागद माझ्याकडे आला की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सातवं कलम उघडते.

आता ते कलम काय म्हणतं ते तुमच्या दुकानाला लावून बघू.

पहिली गोष्ट, सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. तीन तास झाले की कमीत कमी एक तास विश्रांती. ‘जेवून ये पटकन दहा मिनिटांत’ ही विश्रांती नाही. पूर्ण एक तास, आणि त्या तासात त्याला हाक मारायची नाही.

दुसरी गोष्ट, आणि इथंच बहुतेक सगळे चुकतात. कामाचे तास, विश्रांतीचा तास आणि कामाची वाट बघत बसलेला वेळ, हे सगळं मिळून एका दिवसात सहा तासांच्या आत बसलं पाहिजे. म्हणजे प्रत्यक्ष काम पाच तासच होतं. तीन तास, मग एक तास सुट्टी, मग दोन तास. तुम्ही लगेच म्हणाल, दुपारी दुकानात कुत्रं फिरकत नाही, पोरगं मोबाइल बघत बसलेलं असतं, तो वेळ कशाला मोजायचा? कायद्यानं तो मोजायला लावलाय, आणि विचार करून लावलाय. दुकानात बसलेला मुलगा घरी नसतो, क्लासला नसतो, मैदानावर नसतो. तुमच्या हाकेच्या अंतरावर असतो. तो वेळ त्याचा नाही, तुमचा आहे.

लातूरच्या एका खानावळीचा हिशेब मला या बाबतीत नेहमी आठवतो. क्लासच्या पोरांचे डबे पुरवणारी खानावळ. मालकानं वही पुढे केली, म्हणाले, “बघा, आठाच्या वर एक तास नाही.” खरंच नव्हता. सकाळी सहा ते दहा भाजी निवडणं आणि पोळ्या मोजणं, बारा ते दोन डबे भरणं, संध्याकाळी सात ते नऊ पुन्हा तेच. बेरीज आठ. पण तो सोळा वर्षांचा मुलगा पहाटे साडेपाचला उठत होता आणि रात्री भांडी आवरून दहाला आडवा होत होता. मधले तास त्याच खानावळीच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी. असे तुकडे पाडून तास बसवता येऊ नयेत म्हणूनच सहा तासांचा पट्टा एकसंध मोजतात. पहिलं पाऊल आत पडलं की घड्याळ सुरू, शेवटचं पाऊल बाहेर पडलं की बंद.

तिसरी गोष्ट घड्याळाची. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही. तुमची खरी अडचण इथं आहे, हे मला कळतं. दिवाळीत कापड दुकानाची गर्दी सुरूच होते दिवे लागल्यावर. शेतकरी गिऱ्हाईक मोंढ्यात माल घालून, हातात पैसे आले की संध्याकाळकडे येतं. नेमका तेव्हाच भाचा घरी गेलेला असणार. यावर पळवाट नाही, आणि मी सुचवणारही नाही. पण काम वाटून देता येतं. गल्ल्यावरची आणि काउंटरवरची संध्याकाळ मोठ्या माणसांना द्या, एक अनुभवी माणूस महिन्यासाठी वाढवा. भाच्याला दुपारचं काम द्या: आदल्या दिवशी उकलून पडलेल्या साड्यांच्या घड्या, किमतीच्या चिठ्ठ्या लावणं, आलेल्या मालाची बिलाशी पडताळणी, मोबाइलवर ऑर्डर लिहून घेणं. अकरावीचा मुलगा हिशेबाचं काम मोठ्या माणसापेक्षा चोख करतो, हा माझा अनुभव आहे. शिडीवर मात्र चढवू नका आणि गाठी उचलायला लावू नका. पहिल्याचं कारण वर सांगितलंच.

कॉलेज सकाळचं असेल तर मी असा पट्टा लावेन: बारा ते तीन काम, तीन ते चार सुट्टी, चार ते सहा काम. सुट्टीच्या दिवसांत दहा ते एक, एक ते दोन जेवण, दोन ते चार. दुपारी एक ते सात हाही कायद्यात बसतो, पण मी तो टाळायला सांगते. सात वाजता दुकान भरलेलं असतं, आणि भरलेल्या दुकानातून कोणतंही पोरगं सातला उठून जात नाही. मामा, एवढं गिऱ्हाईक बघून जातो, असं म्हणत आठ वाजतात.

जादा पैशांचं म्हणाल तर या वयाला ओव्हरटाइम हा प्रकारच नाही. दुप्पट दिले तरी तो तास बेकायदेशीरच राहतो. उलट पगाराच्या वहीत तुम्ही ‘जादा तास’ असा रकाना भरलात तर स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच लिहून ठेवता. आणि त्या दिवशी मुलगा दुसरीकडे कुठे काम करून आला असेल, म्हणजे पहाटे पेपर टाकून किंवा दुधाच्या गाडीवर जाऊन, तर त्याच दिवशी त्याला तुमच्याकडे कामाला लावता येत नाही. हे विचारून घ्यायची जबाबदारी तुमची.

आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी हवीच. तो वार कोणता ते दुकानात दिसेल अशा जागी लिहून लावायचं, आणि तीन महिन्यांत एकापेक्षा जास्त वेळा बदलायचं नाही. दिवाळीच्या आठवड्यात सुट्टी रद्द, पुढे भरून देऊ, असं इथं चालत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अहो पण तो माझा सख्खा भाचा आहे, घरचाच की. मालक जिथं आपल्या कुटुंबाच्या मदतीनं काम चालवतो तिथं या वेळांच्या अटी लागत नाहीत, हे खरं आहे. पण या कायद्यात मालकाचं कुटुंब कोणतं, हेही लिहून ठेवलंय: मालक स्वतः, नवरा किंवा बायको, त्यांची मुलं, आणि मालकाचे भाऊ-बहीण. भाचा त्यात नाही. पुतण्याही नाही. घोळ होतो तो दुसऱ्या एका तरतुदीमुळे. चौदाखालच्या मुलानं शाळा सांभाळून, शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावायला जी मुभा आहे, तिथं ‘कुटुंब’ जरा मोठं धरलंय: आई-वडील, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी. म्हणून ‘मामाकडे चालतं’ असं ऐकीव झालं. ती मुभा हातभारापुरती आहे, पगारी नोकरीसाठी नाही. तुम्ही भाच्याला पगार देऊन ठेवताय, तेव्हा सहा तासांची चौकट त्याला लागू आहे असंच धरून चाला. मामा-भाच्याचं नातं जपायचं असेल तर हे लिखापढीत ठेवणं जास्त गरजेचं आहे. अपघात झाल्यावर बहिणीसमोर उभं राहणं कोर्टासमोर उभं राहण्यापेक्षा अवघड असतं.

आता त्या मित्राबद्दल. तुम्ही भाच्याचं वय लिहिलंत, मित्राचं लिहिलं नाहीत. इतक्या वर्षांत मी एक शिकलेय, ज्याचं वय सांगितलं जात नाही त्याचं वय आधी विचारायचं. ‘चहापाणी, वरकाम’ याचा अर्थ आपल्याकडे बहुतेक वेळा सातवी-आठवीतलं पोरगं असा होतो. ते चौदा पूर्ण नसेल तर प्रश्न तासांचा उरतच नाही. एक तासही नाही. चहाचे कप उचलणं हेही कामच आहे. इथं शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस हजार ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. त्या मानानं सहा तासांची मर्यादा मोडण्याची शिक्षा लहान आहे, एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काही मालक मला तोंडावर सांगतात की दहा हजार भरून टाकू. मी त्यांचे कागद करत नाही.

वय बघायचं ते शाळेच्या दाखल्यावर, दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर किंवा ग्रामपंचायत-नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर. ‘दिसायला थोराड आहे’ हा पुरावा नाही. आणि दाखल्यावर १ जून दिसली तर थोडं थांबा. आपल्या भागात कितीतरी लेकरांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली असते. खरं वय त्याहून सहा महिन्यांनी पुढे किंवा मागे असू शकतं. निरीक्षकानं वयावर शंका घेतली आणि हातात दाखला नसला तर प्रकरण वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातं. मुलगा चौदाच्या किंवा अठराच्या काठावर असेल तर संशयाचा फायदा मुलाला द्या, कामाला नको म्हणा. दोन-चार महिन्यांनी काही बिघडत नाही.

बाँडचं ऐका. वडिलांनी लिहून दिलेली संमती या कायद्यापुढे कागदाचा तुकडा आहे. वेळेची मर्यादा मुलासाठी आहे, ती माफ करायचा अधिकार बापाला नाही. आणि मुलाकडूनच ‘दोन वर्षं काम सोडणार नाही’ असं लिहून घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा. अल्पवयीनानं केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टानं, १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात ते ठरवलं, तेव्हापासून आजपर्यंत तसंच आहे. गुढीपाडव्याला सतरा वर्षांच्या पोराचं साल ठरवून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देणाऱ्यांनाही हेच लागू. उचल परत मागायला कोर्टात गेलात तर तिथं वेगळेच प्रश्न विचारले जातील, कारण उचलीपोटी माणूस बांधून ठेवणं १९७६ पासून गुन्हा आहे.

याच ओघात पगाराचं सांगते, कारण दिवाळीत ही सवय फार दिसते. ‘सगळे पैसे भाऊबीजेला एकदम देतो, आत्ता दिले तर उडवशील.’ हेतू चांगला असेलही. पण बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये अठराखालच्या प्रत्येकाला बालक म्हटलंय, आणि कामावरच्या बालकाची कमाई अडकवून ठेवणं किंवा ती स्वतःसाठी वापरणं याला कलम ७९ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. म्हणून आठवड्याच्या आठवड्याला पैसे द्या, जमलं तर मुलाच्याच बँक खात्यात. भाचा अकरावीला आहे, खातं असेलच.

आतापर्यंत सांगितलं ते तुमच्या साध्या कापड दुकानाचं. परिस्थिती बदलली की उत्तर बदलतं. दिवाळीत कापड दुकानदार दारात फटाक्यांचा स्टॉल लावतात, तुम्हीही लावत असाल तर तिथं अठराखालचं कोणीही नको, अर्धा तासही नको, भाचाही नको. फटाके धोक्याच्या यादीत आहेत, तिथं वेळेची सवलत मुळातच नाही. वीटभट्टी, दगडखाण तशीच. कारखान्याला आणखी वेगळे नियम लागतात. आयटीआयचा शिकाऊ उमेदवार असेल तर तो १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात येतो आणि त्याच्या वेळा त्या नियमांप्रमाणे, पण त्यासाठी रीतसर नोंदलेला करार लागतो. मुलाला ‘शिकायला ठेवलाय’ असं नुसतं म्हटल्यानं तो शिकाऊ उमेदवार होत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे जुने बरेच कायदे गेले आणि लोक गोंधळलेत. बाल व किशोरवयीन कामगार कायदा त्या संहितांमध्ये विलीन झालेला नाही. तो आहे तसाच आहे, सातव्या कलमासकट.

आणि आता तुमची शेवटची ओळ, जी मी सोडून देऊ शकत नाही. गावाकडं कोणी विचारत नाही, हे तुम्ही त्राग्यानं लिहिलंत, पण ते खरं आहे आणि ते बरोबर नाही. या कायद्यातल्या ‘आस्थापने’च्या व्याख्येत दुकान, हॉटेल, वर्कशॉप यांच्यासोबत शेतही लिहिलेलं आहे. स्वतःच्या रानात आई-बापाला हातभार लावणारं लेकरू वेगळं. पण दुसऱ्याच्या रानात किलोवर कापूस वेचायला गेलेली पंधरा वर्षांची मुलगी ही तुमच्या भाच्यासारखीच किशोरवयीन कामगार आहे. तिलाही तीन तासांनंतर एक तास सावलीत बसायचा हक्क आहे. किलोचा भाव ठरला की तास मोजायची गरज नाही असं रानात समजतात. भाव कसाही ठरवा, घड्याळ सुटत नाही.

उसाचं तर विचारू नका. दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, परभणीतून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि उचल कोयत्यावर ठरते. सोळा वर्षांच्या पोराला अर्धा कोयता धरून बापाच्या उचलीत वाढ करून घेतलेली प्रकरणं माझ्या टेबलावर आली आहेत. फडात काम पहाटे अंधारात सुरू होतं आणि रात्री गाडी आली की मोळ्या भरायला पुन्हा उठावं लागतं. सकाळी आठच्या आधी नाही आणि संध्याकाळी सातनंतर नाही ही अट तिथं रोज दोन्ही टोकांनी मोडते. मी अशा एका मुलाच्या बाजूनं अर्ज केला होता तेव्हा मुकादम म्हणाला तो माझा कामगार नाही, कारखाना म्हणाला आमच्या हजेरीवर त्याचं नाव नाही, आणि बाप गप्प होता, कारण उचल फिटली नव्हती. त्या मुलाचे तास कोणत्याच वहीत नव्हते. तुमच्या भाच्याचे तास वहीत असतील, म्हणून मी तुम्हाला इतकं बारीक सांगतेय. जिथं वही आहे तिथून तरी हे नीट सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं. आणि फडावर, भट्टीवर असं लेकरू दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगायची सक्ती नाही.

कागदाचं काम फार नाही. मुलगा कामावर आल्यापासून तीस दिवसांच्या आत तुमच्या भागाच्या निरीक्षकाला लेखी कळवायचं: दुकानाचं नाव आणि पत्ता, दुकान कोण चालवतं, पत्रव्यवहाराचा पत्ता, कामाचं स्वरूप. परभणीच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिलंत तरी पुढचं ते सांगतील. पोच घ्या. दुसरं, एक वेगळं रजिस्टर: मुलाचं नाव, जन्मतारीख, कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळा, कोणतं काम. हे दोन्ही नसणं हासुद्धा स्वतंत्र गुन्हा आहे, वेळा पाळल्या असल्या तरी.

रजिस्टरमध्ये मी एक रकाना जास्तीचा काढायला सांगते, कायद्यात तो नाही. ‘प्रत्यक्ष आला’ आणि ‘प्रत्यक्ष गेला’. ती वेळ मुलानं स्वतःच्या हातानं लिहायची आणि सही करायची. तुमच्या मुनीमजींनी नाही, तुम्हीही नाही. महिनाअखेरीला सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात दिसल्या की निरीक्षकाला काही सांगावं लागत नाही.

उद्या सकाळी दोन्ही मुलांचे शाळेचे दाखले मागवून घ्या. मित्राची तारीख चौदा पूर्ण दाखवत नसेल तर त्याला दुकानात बसवूच नका. भाच्याच्या नावापुढे १२ ते ३, ३ ते ४ विश्रांती, ४ ते ६ असं लिहा आणि तीच वेळ बहिणीला फोन करून सांगा. सहा वाजून गेले आणि पोरगं घरी आलं नाही तर तिनं तुम्हाला फोन केला पाहिजे.